साडेतीन रुपयांचा चहा

नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं कॉस्टिंग खात्यात होतो. कुठल्याही नटबोल्टचा उत्पादन खर्च मी दशांशचिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत सांगू शकत असे, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना मी एका जिलबीचा खर्च काढून दाखवला होता. ते उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले. पुढे, दोन हजार सालानंतर, कारखान्याची तब्येत बिघडली आणि स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. ज्यांनी स्वेच्छेने जावं अशी साहेबांची फार इच्छा होती, त्या यादीत माझं नाव बरंच वर होतं.

हातात रक्कम आली तेव्हा बायको म्हणाली, "बँकेत ठेवा आणि दोन महिने झोपा." मी झोपलो नाही. मी चहाचं मशीन घेतलं. माणसाच्या उंचीचं, जुनं पण चालू, पुढे चार बटणं: चहा, कॉफी, टोमॅटो सूप आणि गरम पाणी. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, खाली कागदी कप धरायचा. "साहेब, हे माणसासारखं चुकत नाही," असं विकणाऱ्याने सांगितलं. बावीस वर्षं माणसांच्या चुका शोधून काढल्यावर मला असाच भागीदार हवा होता.

जागाही मिळाली. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात, बाहेरच्या रुग्णांच्या प्रतीक्षागृहात, पाण्याच्या टाकीशेजारी. तिथे नाशिकचे लोक येत तसे वणी, पेठ, सुरगाण्याकडचेही येत. पेशंट आत, नातेवाईक बाहेर बाकावर, आणि सगळ्यांना चहा हवा. फाटकाबाहेर एक टपरी होती, तिथे दोन रुपयांना कटिंग मिळे. टपरीची मला भीती नव्हती. टपरीवाल्याकडे उकळता चहा होता, पण कोष्टक नव्हतं.

माझ्याकडे होतं. सलग तीन दिवस जेवणाच्या टेबलावर बसून मी एका कपाचा खर्च काढला. पावडर, कप, पाणी, वीज, दवाखान्याचं भाडं, मशीनची झीज, वाया जाणारे कप, आणि शेवटी 'देखरेख शुल्क'.

बायकोने चष्मा लावून कागद वाचला. ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे कागद हातात आला की आधी लाल पेन शोधायची.

"हे देखरेख शुल्क कोणाचं?"

"माझं. मी रोज जाणार ना तिथं."

"म्हणजे तुम्हाला पैसे कोण देणार?"

"मीच."

"कोणाच्या पैशातून?"

"अगं, ती एक पद्धत असते," मी म्हणालो. तिने कागद परत दिला आणि कणीक मळायला गेली.

एका चहाचा खर्च आला तीन रुपये बेचाळीस पैसे. त्यावर माफक नफा आठ पैसे. म्हणजे साडेतीन रुपये. किंमत इतकी सुबक आली की मी ती थोडा वेळ नुसतीच पाहत बसलो. कॉफी साडेचार, सूप सात, आणि गरम पाणी एक रुपया. बायको कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"पाण्याचे पैसे घेणार? दवाखान्यात?"

"पाण्याचे नाही, गरम करण्याचे."

ती परत आत गेली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. कुठे बोलून उपयोग नाही हे तिला कळत होतं.

मशीनचं दार उघडून आतल्या छोट्या बटणांनी किमती भरायच्या होत्या. ते काम मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून केलं. वरच्या लाल आकड्यांत ३.५० उमटलं तेव्हा मला कारखान्यात पहिली बढती मिळाली होती त्या दिवसासारखं वाटलं. मग शुभारंभाचा पहिला चहा स्वतः घ्यावा म्हणून मी खिशातून तीन रुपये आणि एक आठ आण्याचं नाणं काढलं. रुपये आत गेले. आठ आणे खालच्या वाटीत खणकन परत आले. पुन्हा टाकले, पुन्हा परत. मी माहितीपुस्तिका काढली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की मशीन एक, दोन आणि पाच रुपयांची नाणी घेतं. आठ आणे घेत नाही.

कोणीही शहाणा माणूस तिथेच किंमत बदलेल. पण तीन रुपये केले तर कोष्टकानुसार तोटा, आणि चार केले तर नफा माफक राहत नव्हता. मी पुस्तिका पुढे वाचली. जास्त पैसे टाकले तर उरलेली रक्कम मशीन 'शिल्लक' म्हणून दाखवतं आणि पुढच्या कपात धरतं, असं होतं. म्हणजे पैसे कुठे जात नाहीत. हिशेब बिनचूक राहतो. माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. ज्याचे आठ आणे, त्याचाच पुढचा कप असेल असं नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही.

पहिले दोन महिने छान गेले. लोक दोन-दोनची दोन नाणी टाकत, चहा घेत, आणि बाकावर जाऊन बसत. मी दर दुपारी जाऊन पेटी उघडायचो, नाणी मोजायचो, आतल्या मीटरवरचे कप मोजायचो आणि किमतीने गुणायचो. वर दिसणारी शिल्लक धरली की हिशेब पैशापर्यंत जुळायचा. एकदाही चूक नाही. घरी आल्यावर मी बायकोला म्हणायचो, "आजही जुळला." ती म्हणायची, "बरं झालं."

दवाखान्यात दाराशी एक वॉचमन असायचे. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, उभं राहणं ताठ. मी आलो की ते मला सलाम करायचे, जो मला कारखान्यात बावीस वर्षांत कोणी केला नव्हता. त्यामुळे त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं होतं. एक दिवस मी थोडा लवकर पोचलो, तर ते मशीनपाशी उभे. त्यांनी नाणं टाकलं नाही. नुसतं बटण दाबलं, कप भरला आणि शांतपणे पीत उभे राहिले.

"हे कसं काय?" मी विचारलं.

"सात लोकांनंतर एक फुकट देतं, साहेब," ते म्हणाले. "तुमची स्कीम हाय ना ही? लय चांगली स्कीम काढली तुम्ही."

मला कळेना. त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी कवायत शिकवावी तसं. एक माणूस चार रुपये टाकतो, वर आठ आणे उरतात. दुसरा टाकतो, एक रुपया होतो. लोकांचं त्या लाल आकड्यांकडे लक्ष नसतं. ते चहा घेऊन निघून जातात. सात जण झाले की वर साडेतीन येतात. तेवढ्यात जाऊन बटण दाबायचं.

"कोणी पाचाचं टाकलं तर लवकर होतं," ते म्हणाले. "सोमवारी ओपीडी जास्त. सोमवारी मला दहा-बारा होतात. त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीवाल्याला पण देतो."

मी तिथल्या तिथे मनात गणित केलं. सात माणसं गुणिले चार, अठ्ठावीस. आठ कप गुणिले साडेतीन, अठ्ठावीस. म्हणूनच हिशेब रोज जुळत होता. लोकांचे आठ आणे गोळा करून मी दोन महिने एका सशक्त माणसाला चहा पाजत होतो, आणि संध्याकाळी घरी जाऊन छाती फुगवत होतो. त्यांच्यावर रागवायचीही सोय नव्हती. त्यांनी माझ्या मशीनकडे माझ्यापेक्षा जास्त लक्ष दिलं होतं. खरं 'देखरेख शुल्क' त्यांनाच मिळत होतं.

घरी मी हे सांगितलं नाही. मेकॅनिकला बोलावून दोन बदल करून घेतले. एक, चहा सरळ तीन रुपये. दुसरा, कप भरला की शिल्लक आपोआप शून्य. "म्हणजे वरचे पैसे मशीन गिळणार," मेकॅनिक म्हणाला, "चालेल ना?" मी म्हटलं, "लोकांनी सुटे टाकावेत." आणि मशीनवर सुवाच्य अक्षरांत कागद चिकटवला: 'कृपया योग्य रकमेची नाणी टाकावीत. उर्वरित रक्कम परत मिळणार नाही.' अक्षर माझंच होतं. शाळेत मला सुवाच्य अक्षरासाठी बक्षीस होतं.

त्यानंतर हिशेब जुळेनासा झाला. पेटीत रोज जास्त पैसे निघू लागले. कधी वीस, कधी तीस. बेचाळीस पैशांच्या तोट्याने चहा विकत होतो तरी कोष्टकाच्या पुढे होतो. बावीस वर्षांत मी एका पैशाचा फरक सापडेपर्यंत जेवायला उठलो नव्हतो. आता फरक माझ्या बाजूने होता. मी वेळेवर जेवत होतो.

साधारण महिन्याभराने एका दुपारी गेलो तेव्हा मशीनसमोर जमिनीवर एक म्हातारी बाई बसली होती. बाकावर जागा होती, तरी खाली, मशीनकडे तोंड करून. काळीसावळी, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत, शेजारी कापडी पिशवी आणि रिकामा कागदी कप. ती मशीनच्या खालच्या वाटीकडे बघत होती. मला वाटलं, चक्कर आली असेल.

"आजी, बरं वाटत नाही का?"

"बरी हाय," ती म्हणाली. "दोन रुपये येयाचे हायेत. आजून दिले नाय त्यानं."

"कोणी?"

तिने हनुवटीने मशीन दाखवलं. "पाचाचं नाणं टाकलं. तीनाचा चहा. सुटे नसतील तेच्याजवळ. येतील म्हनून बसले."

वॉचमन लांबून म्हणाले, "साहेब, तासभर झाला. मी सांगितलं त्यांना, नाही येत. ऐकत नाहीत."

म्हातारी सुरगाण्याकडची होती. सुनेला बाळंतपणासाठी आणलं होतं. जीपने, मग एसटीने. तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. गावच्या दुकानदाराकडे सुटे नसले तर थांबायचं असतं, तशी ती थांबली होती. माझा सुवाच्य कागद तिच्या डोक्याच्या बरोबर वर होता. तिला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी 'उर्वरित रक्कम' म्हणजे तिचेच दोन रुपये, हे तिला कशावरून कळणार होतं?

मी खिशातून दोन रुपये काढून तिच्यापुढे धरले. तिने घेतले नाहीत.

"तुमचे कशापायी? तो देईल ना."

"आजी, मशीन माझंच आहे."

तिने पहिल्यांदा मला नीट पाहिलं. इस्त्रीच्या शर्टापासून चपलांपर्यंत. "तुमचं हाय?" ती म्हणाली. "मंग तुमी हितं का नाय बसत?"

मी दार उघडलं, पेटीतून दोनाचं नाणं काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. पेटीतलं म्हटल्यावर तिने घेतलं. कनवटीला लावलं, उठली, आणि जाता जाता रिकामा कप मला परत दिला. तो धुऊन ठेवायचा असतो असं तिला वाटलं असणार. मी तो मशीनवर ठेवला. मग कागद फाडला. फाडताना अर्धाच निघाला. 'कृपया योग्य' एवढं पुढे कित्येक महिने तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. आठ आण्यांपासून. वॉचमनच्या भागावर ती हसली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. म्हातारीच्या भागावर हसली नाही.

"शनिवारी माझी सकाळची शाळा," ती म्हणाली. "शाळा सुटली की मला तिथं घेऊन चला."

बायकोचं माहेर मखमलाबादच्या बाजूचं. घरची मेथी, कोथिंबीर, दसऱ्याच्या आधी झेंडू. लहानपणी ती आईबरोबर टोपली घेऊन गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात, पंचवटीत, पोत्यावर बसायची. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण किमती ठरवणं हे माझं शास्त्र आणि मेथी विकणं हा तिच्या माहेरचा कष्टाचा इतिहास, अशी मी दोन वेगळी खाती ठेवली होती.

शनिवारी ती बाकावर बसली. मला म्हणाली, "तुम्ही लांब उभे राहा. तुमच्या तोंडाकडे बघून लोक घाबरतात." मी बाहेर टपरीवर जाऊन चहा घेतला. आता सांगायला हरकत नाही, पहिल्या आठवड्यापासून मी तिथेच चहा घेत होतो. माझ्या मशीनचा चहा मला आवडत नसे.

तासाभराने आत गेलो तर तिने पर्समधल्या कागदावर काही रेघा मारल्या होत्या.

"लोक मशीनपाशी येतात, मूठ उघडतात, बघतात आणि परत जातात," ती म्हणाली. "मी त्या मुठी बघत होते. सगळ्यांकडे दोनाचं नाणं आहे. तीन रुपये कोणाच्या मुठीत नसतात हो. एसटीचं, रिक्षाचं सुटं म्हणून दोनाची नाणीच राहतात. चहा दोन रुपयांना द्या."

"तीन बेचाळीस खर्च आहे!" माझा आवाज चढला. दोन बायका वळून बघायला लागल्या.

"मग कप लहान करा. केवढा मोठा कप देता! अर्धा तर लोक टाकून देतात, बघा त्या डब्यात." मी डब्यात पाहिलं. खरंच, प्रत्येक कपात तळाला गार चहा होता. वाया जाणाऱ्या कपांचा खर्च मी धरला होता. कपात वाया जाणारा चहा धरलाच नव्हता.

"मेथी महाग झाली की आई जुडीचा भाव वाढवायची नाही," ती म्हणाली. "जुडी बारीक बांधायची. गिऱ्हाईक रुपयाचं नाणं घरून ठरवूनच येतं. त्याला दीड सांगितला की ते पुढच्या टोपलीपाशी जातं. भाव गिऱ्हाइकाच्या मुठीत असतो. आपल्या वहीत नसतो."

"आणि माझी झीज? भाडं?"

"जास्त कप गेले की निघेल. नाही निघालं तर मशीन विका." मग तिने गरम पाण्याच्या बटणाकडे बोट केलं. "आणि हे फुकट करा. आजच."

यावर मात्र मी भांडलो. तिथेच, दबक्या आवाजात. पाणी फुकट केलं की लोक पाणीच नेतील, हे मी तिला पटवून देत होतो. ती म्हणाली, "जुडीवर दोन काड्या कोथिंबीर टाकावीच लागते. गिऱ्हाईक त्या दोन काड्यांसाठी उद्या येतं."

मी केलं. आणि माझं म्हणणं खरं ठरलं, हे इथे नमूद करतो. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यातल्या सगळ्या नर्स रुपयावाल्या कॉफीच्या पुड्या आणून फुकट पाण्यात ढवळायला लागल्या. माझी साडेचार रुपयांची कॉफी बंदच पडली. मी घरी जाऊन विजयी मुद्रेने सांगितलं. बायको म्हणाली, "कॉफी किती खपायची आधी?" मी वही बघितली. दिवसाला चार.

आणि त्याच नर्स नातेवाईकांना सांगायला लागल्या, "बाहेर कशाला जाता, हाक मारली तर सापडणार नाही. इथं मशीनवर दोन रुपयांत चहा आहे, बाळाच्या दुधाला गरम पाणी फुकट आहे." चहाचे कप दुप्पट झाले, मग तिप्पट. वॉचमनही आता दोनाचं नाणं टाकून चहा घ्यायचे. "साहेब, स्कीम बंद केली तुम्ही," असं दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी मी ओशाळायचो. सुपाचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. सातचं पाच केलं, पाचचं चार. बायकोलाही विचारलं. ती म्हणाली, "त्याची किंमत बरोबरच आहे. सूपच वाईट आहे."

असा तो धंदा चार वर्षं चालला. श्रीमंत झालो नाही, पण मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षांची फी त्यातून निघाली. मग दवाखान्याने स्वतःचं कँटीन काढलं आणि मला मशीन उचलायला सांगितलं. वणीचा एक तरुण ते घ्यायला आला. देवीच्या गडावर जाणाऱ्या जीपा जिथे थांबतात तिथे त्याला लावायचं होतं. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि दोन तास किमती कशा ठरवाव्यात यावर बोललो. मुठी, जुडी, दोन काड्या कोथिंबीर, सगळं. हे आपलंच शास्त्र असल्यासारखं. बायको आतून दोनदा खोकली. मुलगा नम्र होता, मान हलवत राहिला.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं गडावर दर्शनाला गेलो, तेव्हा जीपमधून उतरल्या उतरल्या मी मशीन शोधलं. ते होतं. आडवं. त्याच्या पाठीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून वर स्टोव्ह ठेवला होता आणि तो तरुण पातेल्यात आलं किसत होता. मला बघून तो लगबगीने पुढे आला.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला. "आठ दिवस चालवलं. लोक म्हणाले, हाताचा पाहिजे. पण उंची एकदम बरोबर हाय बघा, वाकावं लागत नाही."

त्याने आम्हाला चहा दिला. काचेच्या ग्लासात, आल्याचा, कडक. पैसे घेईना. बायकोने दहाची नोट बिस्किटांच्या बरणीखाली सरकवली. मी दुसरा ग्लास मागितला.